बटण दाबायला लॉगिन कशाला पाहिजे रे?

डोकं फिरलंय नुसतं. गणेशोत्सवात इंदूरला आमच्या मंडळाचे कार्यक्रम लाइव्ह जातात, पुण्या-मुंबईला गेलेली पोरं, अमेरिकेतले नातेवाईक सगळे बघत बसलेले असतात, आणि दोन कॅमेरे, माईक, स्लाइड, देणगीदारांची पट्टी हे सगळं मी एकटा सांभाळतो, म्हणून ते स्क्रीनवाल्या बटणांचं कीपॅड घेतलं की अंधारात पण कुठलं बटण कशाचं ते दिसेल. आणि परवा ऐन दीपप्रज्वलनाला बटणांवरची सगळी चित्रं गायब, नुसता कंपनीचा लोगो! का तर सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि आता म्हणे आधी लॉगिन करा. हॉलमधलं नेट कसलं असतं माहितीये ना? काकू समई लावून जागेवर जाऊन बसल्या तरी स्ट्रीमवर "थोड्याच वेळात"ची पाटी तशीच.

संताप याचा येतो की एवढे पैसे मोजून त्या डब्यात स्वतःचं असं काहीच नाही. बटणागणिक वेगळा स्क्रीन आहे असं वाटतं ना, तर बऱ्याच मॉडेलांत खाली एकच एलसीडी असते न वर पारदर्शक बटणं. दाबलं की वायरीतून एवढंच जातं की सात नंबर दाबला, बस. चित्र कुठलं दाखवायचं, काम काय करायचं, सगळं कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर ठरवणार, ते रुसलं की हातात नुसतं प्लास्टिक. आमच्या इंदूरच्या जेल रोडच्या बाजारातला साधा नंबरपॅड कुठल्याही लॅपटॉपला लावा, लगेच चालतो.

आणि हे तंत्र काही कालचं नाहीये. रशियातल्या लेबेदेव्ह स्टुडिओचा ऑप्टिमस मॅक्सिमस कीबोर्ड २००८ मध्ये बाजारात आला, ११३ बटणं, प्रत्येकात ४८ बाय ४८ पिक्सेलचा वेगळा ओएलईडी स्क्रीन! १५ बटणांचा स्ट्रीम डेक, म्हणजे असलंच स्क्रीनवाल्या बटणांचं कीपॅड, २०१७ चा. इतकी वर्षं गेली, आणि मला विकलेल्या डब्यात चार चित्रं न चार शॉर्टकट साठवायची सोय नाही?

मराठीचं तर विचारूच नका. बटणाला "प्रार्थना" नाव दिलं की जोडाक्षरं फुटून प चा पाय मोडलेला, र वेगळाच लटकतोय, "निवेदन"ची वेलांटी न च्या उजवीकडे. शेवटी प्रत्येक नावाचं चित्र बनवून टाकलं, रात्र गेली त्यात. त्या अपडेटमध्ये तेही सगळं उडालं. कस्टमर केअरला फोन केला तर एकच, सर रीस्टार्ट करून बघा. अरे समोर हॉल भरलाय, निवेदिका माझ्याकडे बघतेय, रीस्टार्ट काय करा!

दुकानदार म्हणतो पीस तर ठीक आहे भिया, सॉफ्टवेअरचं आम्ही काय करणार. मग खोक्यावर मोठ्या अक्षरात छापा ना, की नेट आणि लॉगिन नसेल तर हे चालणार नाही. मला पैसे परत पाहिजेत, दुसरा पीस नकोय.