मॉल खेड्यातल्या गर्दीने बुडाला? साफ खोटं

आमच्या शहरातला मॉल का बुडाला ते सांगणारा हा मेसेज माझ्याकडे तिसऱ्यांदा आला तेव्हा तो मामांच्या फोनमध्ये होता. पहिल्या दोन वेळा मी सोडून दिला होता. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन माझ्या हातात दिला आणि विचारलं, "आपलंच चुकनं का रे भो?"

मामा एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी आमच्या शहरातल्या मॉलमध्ये पहिल्या मजल्यावर एक गाळा घेतला. चार वर्षांपासून त्याचं शटर खाली आहे. शहराचं आणि मॉलचं नाव मी लिहीत नाही, कारण मामांसारख्या कितीतरी जणांना तिथले गाळे अजून भाड्याने द्यायचे आहेत.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: खान्देशी माणूस चिकट, तो मॉलमध्ये नुसती एसीची हवा खायला जातो. खेड्यातली माणसं चपला हातात घेऊन सरकत्या जिन्यावर चढायची, फरशीवर बसून डबे खायची, म्हणून 'चांगल्या घरचं' गिऱ्हाईक पळालं. उरलेलं ऑनलाइनने संपवलं, अमेरिकेतही हेच झालं. जागेलाही वास्तुदोष होता. तेव्हा गाळे असतील त्यांनी मिळेल त्या भावात विकून मोकळं व्हावं.

चिकट? जळगावला लोक सुवर्णनगरी म्हणतात, ते सोनं न घेता म्हणतात का? आमच्याकडे लग्नाचा बस्ता बांधायला दोन्हीकडची मंडळी जीप भरून येतात. कापड दुकानाच्या गादीवर बसतात, समोर शंभर साड्या उलगडल्या जातात, दोनदा चहा होतो, मानपानाची यादी वाचली जाते आणि एका बैठकीत पूर्ण घराण्याचं कापड घेतलं जातं. मॉलमधल्या काचेच्या दुकानात पंधरा माणसांना बसायला जागा नव्हती, भाव करायची सोय नव्हती. कापूस विकल्यावर पैसे देतो म्हणणाऱ्या शेतकऱ्याला ओळखणारा मालकही तिथे नव्हता, पगारावरचा मुलगा होता. आमचा पैसा दिवाळीनंतर कापसाचा, लग्नसराईत, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कानबाईच्या सणाला असा हंगामाने बाहेर पडतो. मॉलमधल्या दुकानाचं भाडं मात्र बाराही महिने सारखं. हे गणित आधी मांडायला हवं होतं, आणि ते मांडणं गिऱ्हाइकाचं काम नव्हतं.

एसीचं म्हणाल तर एवढं मान्य करतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा दुपारी मॉलमध्ये गर्दी असायची आणि त्यातले बरेच जण काही न घेता परतायचे. मीही परतलोय. पण बंदिस्त मॉल ही कल्पनाच मुळात हवामानावर उभी आहे. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेल्या व्हिक्टर ग्रुएन या वास्तुरचनाकाराने पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित असा पहिला मॉल, साउथडेल, 1956 मध्ये मिनेसोटात उभारला, तो तिथल्या कडाक्याच्या थंडीमुळे. माणसं आडोशाला यावीत, रेंगाळावीत आणि रेंगाळताना खरेदी करावी, हाच त्याचा हिशोब होता. माणसं आली. त्यांना परवडेल, हवंहवंसं वाटेल असं समोर काय ठेवलं, हा प्रश्न दुकानं आणणाऱ्यांना विचारा.

आता तो खेड्यातल्या गर्दीचा मुद्दा. याच्यासाठीच मी लिहायला बसलो.

मॉल उघडला त्या पहिल्या दिवाळीत मामी आमच्याबरोबर आल्या होत्या. सरकत्या जिन्यापाशी त्या थबकल्या, पदर सावरला, चपला काढून हातात घेतल्या. पाय अडकेल अशी भीती होती, आणि ती काही चुकीची भीती नव्हे. रखवालदाराने शिट्टी वाजवली, मागच्या दोन पोरी हसल्या. मामी त्यानंतर कधीच त्या मॉलमध्ये गेल्या नाहीत. त्याच बाईने पुढच्या वर्षी मुलीच्या लग्नाचं सगळं कापड आणि दागिने जुन्या बाजारातून घेतले. गिऱ्हाईक कोणी पळवलं ते यावरून समजून घ्या. फरशीवर बसून डबा खाल्ला म्हणतात. दोन तास एसटीने आलेल्या बाईला लेकराला भरवायला एक बाकडं तरी ठेवलं होतं का? खालच्या मजल्यावरही नव्हतं आणि वरच्याही नव्हतं.

ही तुच्छता खान्देशातली नाही, ती आयात केलेली आहे. 1999 मध्ये मुंबईत हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स मॉल उघडला, तेव्हा तिथे आत जायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावं लागे, नाहीतर प्रवेशाचे पैसे. त्यावर जनहित याचिका झाली आणि ती अट गेली. पुढे मॉलचं नाव बदललं, तरी तो ओस पडलाच. दक्षिण मुंबईत, भोवती सगळी 'चांगली घरं' असताना. मग तिथे कोणत्या खेड्याची गर्दी नडली?

आणि आमच्या शहराचा बाजार चालतो कोणावर? आठवडे बाजाराच्या दिवशी बसस्थानकाबाहेर उभं राहा. चोपडा, यावल, रावेर, पारोळा, एरंडोल, शिरपूर, साक्री, शहादा या तालुक्यांतल्या गावांनी येणं थांबवलं तर जळगाव-धुळ्याच्या कापड गल्ल्या, सराफ बाजार, भांड्यांची दुकानं आठ दिवस तग धरणार नाहीत. ज्यांच्या पैशावर शहर उभं आहे त्यांनाच शहर बुडवणारे ठरवायचं, याची लाज वाटली पाहिजे.

ऑनलाइनचा मुद्दा अर्धा खरा आहे. मोबाइल, बूट, छोटी विजेची उपकरणं यांची दुकानं त्याने मोडली, नाकारत नाही. पण अमेरिकेचा दाखला चुकीचा. शिकागोजवळ हार्वी या छोट्या गावातला डिक्सी स्क्वेअर मॉल 1966 मध्ये उघडला आणि 1978 मध्ये बंद पडला. अमेझॉन स्थापन झाली 1994 मध्ये. 2010 पर्यंतसुद्धा अमेरिकेच्या किरकोळ विक्रीत ऑनलाइनचा वाटा पाच टक्क्यांच्या आत होता. तिथे गरजेपेक्षा फार जास्त मॉल बांधले गेले आणि मोठी दुकानं निघून गेली की त्यांच्या आधारावरची छोटी दुकानं कोसळली, हे जास्त मोठं कारण आहे. वास्तुदोषाबद्दल मी एक ओळही खर्च करणार नाही.

मग मॉल का पडतो? नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीचा 2024 चा अहवाल बघा. चाळीस टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असलेल्या मॉलला ते ओसाड मॉल म्हणतात. देशातल्या आठ सर्वांत मोठ्या शहरांत असे मॉल 2022 मध्ये 57 होते, 2023 मध्ये 64 झाले. दिल्ली, मुंबई, बंगळुरू धरून. त्याच अहवालात आणखी महत्त्वाची गोष्ट आहे: पाच लाख चौरस फुटांच्या वरच्या मोठ्या मॉलमध्ये रिकामी जागा पाच टक्क्यांच्या आसपास, तर एक लाख चौरस फुटांच्या आतल्या छोट्या मॉलमध्ये एक तृतीयांशाहून जास्त. म्हणजे फरक गिऱ्हाइकाच्या संस्कारात नाही, मॉल कसा बांधला आणि कसा चालवला यात आहे.

आमच्या मॉलमध्ये काय झालं ते मी मामांच्या कागदांवरून सांगतो. जे मॉल टिकतात तिथे सहसा सगळी इमारत एका मालकाची असते. तो गाळे विकत नाही, भाड्याने देतो, कोणत्या मजल्यावर काय असावं ते ठरवतो, मोठ्या दुकानाला कमी भाड्यात आणतो आणि त्याच्या गर्दीवर बाकीची जगवतो. इथे गाळे एकेक करून विकले गेले. कोणी शिक्षक, कोणी केळीवाला शेतकरी, कोणी दुबईहून पैसे पाठवणारा मुलगा. बांधणाऱ्याचे पैसे सुटले, तो गेला. शेकडो मालक राहिले आणि निर्णय घेणारा कोणीच नाही. मुलांच्या कपड्यांशेजारी झेरॉक्स, त्याशेजारी बंद शटर. खालचं मोठं किराणा-कपड्याचं दुकान गेलं तेव्हा त्याच्या जागी दुसरं आणायला बोलणी कोणी करायची, हेच ठरेना. मेंटेनन्स भरणारे कमी झाले, म्हणून एसी दुपारपुरता, मग सरकता जिना बंद, मग स्वच्छतागृहाला कुलूप. जिना बंद झाल्यावर पहिल्या मजल्यावर कोण चढणार? मामांचा भाडेकरू त्याच महिन्यात गेला.

मोठी दुकानं जाण्याचं कारणही प्रत्येक वेळी गावात नसतं. 2022 मध्ये बिग बझार चालवणारी फ्यूचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि देशभरातल्या अनेक मॉलचा मुख्य भाडेकरू एकदम नाहीसा झाला. त्यात खान्देशी माणसाच्या चिकटपणाचा काय संबंध?

राहिला शेवटचा सल्ला, मिळेल त्या भावात विका. हा सल्ला कोणाच्या फायद्याचा आहे? सगळे घाबरून एकदम विकायला निघाले की भाव पाडून घेणाऱ्याचं काम सोपं होतं. मामांना मी स्पष्ट सांगितलं, "तुम्ही सही करू नका." 1963 च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्यात सदनिकेच्या व्याख्येत दुकानही येतं. गाळेधारक आपली संस्था नोंदवू शकतात, इमारतीची कागदपत्रं मागू शकतात, बांधणाऱ्याने हस्तांतरण केलं नसेल तर सक्षम अधिकाऱ्याकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बांधणाऱ्याच्या सहीशिवाय मालकी संस्थेच्या नावावर करून घेण्याचा, अर्ज करू शकतात. संस्था झाली की पूर्ण मजला एकत्र भाड्याने देता येतो. क्लासला, दवाखान्याला, बँकेला, नाहीतर बस्त्याची गादी मांडणाऱ्या कापड दुकानाला.

रविवारी सकाळी अकराला गाळेधारक मॉलच्या तळमजल्यावर बसणार आहेत. मामांनी करारनामा, मेंटेनन्सच्या पावत्या आणि घरपट्टीची बिलं एका पिशवीत भरून ठेवली आहेत. ज्यांचा गाळा तिथे आहे त्यांनी आपापले कागद घेऊन या. मामीही येणार आहेत, गाळ्याच्या करारनाम्यावर दुसरं नाव त्यांचं आहे.