‘मिटिगेशन्स ऑफ’ केल्याने फायली पळत नाहीत, फुटतात

नाशिकच्या अकाउंटिंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: २०१८ साली लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे फायली सांभाळणाऱ्या भागात, स्पेक्टरसाठी (प्रोसेसर पुढचं काम अंदाजाने आधीच करून ठेवतो, त्यातून मेमरी चोरायची युक्ती) तपासण्या घुसडल्या आणि सर्व्हरचा वेग निम्म्यावर आला. बूटच्या, म्हणजे सर्व्हर सुरू होतानाच्या, ओळीत ‘मिटिगेशन्स=ऑफ’ (संरक्षणं बंद) लिहा, फायली दुप्पट वेगाने उघडतील. परमिशन नीट असल्या तर धोका शून्य. आणि हे सगळं इंटेलचं नवे प्रोसेसर खपवायचं नाटक.

असल्या मेसेजना मी उत्तरं देत बसत नाही. पण कॉलेज रोडवरच्या माझ्या मामेभावाने हे खरोखर करून ठेवलंय. त्याच्या जुन्या झिऑन (इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर) सर्व्हरवर निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांची खाती आहेत, प्रत्येकाला वेगळं लॉगिन.

दुप्पट वेगाचं आधी बघू. फाइल सिस्टिममधली तपासणी म्हणजे नेमकं काय? उदाहरणार्थ कोटा, म्हणजे कुणाला डिस्कवर किती जागा वापरता येईल ती मर्यादा. कोटा युजरचा, ग्रुपचा की प्रोजेक्टचा, हा आकडा बाहेरून येतो आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो ॲरेच्या इंडेक्सला (यादीतल्या क्रमांकाला) लावतो. आकडा हद्दीत आहे का हे आधीही बघितलं जायचंच. २०१८ साली त्याखाली ‘ॲरे_इंडेक्स_नोस्पेक’ची एक ओळ आली: आकडा हद्दीबाहेरचा असेल तर त्याचा शून्य होतो, तोही निव्वळ गणिताने, म्हणजे प्रोसेसरला अंदाज बांधायला जागाच नाही. उघडलेल्या फायलींच्या तक्त्यालाही हेच कुलूप आहे. खर्च दोन-तीन इन्स्ट्रक्शन. आणि गंमत बघा, ही ओळ कर्नलमध्ये कंपाइल झालेली असते, ‘मिटिगेशन्स=ऑफ’ने ती जातच नाही! ज्या तपासणीच्या नावाने बोंब आहे, ती मामेभावाच्या सर्व्हरवर आजही चालू आहे.

मग बंद काय झालं? मेल्टडाउनसाठी (साध्या प्रोग्रॅमला कर्नलची मेमरी वाचू देणारी प्रोसेसरची चूक) कर्नलची पेज टेबलं, म्हणजे मेमरीचे नकाशे, वेगळी ठेवणारी भिंत आणि असलीच इतर संरक्षणं. त्यांचा भार पडतो, हे मान्य. जुन्या इंटेलवर हजारो बारीक फायली उघडणाऱ्या कामाला तो जाणवतोही. पण दुप्पट? छे.

आता परमिशन. हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो शहाणपणाचा वाटतो. परमिशन तपासणारा कोड बरोबरच असतो. प्रोसेसर त्याच्या निकालाची वाट बघत नाही, ही खरी भानगड आहे. ‘हो’ येईल असं धरून तो पुढचं वाचून मोकळा होतो. अंदाज चुकला तर काम रद्द करतो, पण वाचलेल्याची खूण कॅशमध्ये (प्रोसेसरच्या छोट्या, वेगवान मेमरीत) उरते आणि वेळ मोजून ती ओळखता येते. शिवाय एकदा वाचलेल्या फाइलची प्रत रॅममध्ये, कर्नलच्या पेज कॅशमध्ये पडून असते. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असली तरी ती प्रत उघडीच. गूगल प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधन गटाच्या यान हॉर्न यांनी जानेवारी २०१८मध्ये दाखवलं होतं: हॅसवेल पिढीच्या झिऑनवर, साध्या युजरच्या हक्काने, ईबीपीएफ (कर्नलमध्ये छोटे प्रोग्रॅम चालवायची सोय) वापरून कर्नलची मेमरी सेकंदाला सुमारे २००० बाइटने वाचता येते. पॅन नंबर दहा अक्षरी असतो. करा हिशेब. मेल्टडाउनची भिंत पाडलेल्या जुन्या इंटेलवर तर एवढीही खटपट लागत नाही. एका बागायतदाराचा पासवर्ड चोराच्या हाती लागला की बाकीच्यांचे हिशेब त्याच मेमरीत आहेत.

इंटेलच्या नाटकाबद्दल एवढंच, की स्पेक्टर एएमडी आणि एआरएमलाही लागू आहे. ‘आजवर कुणाचं काय गेलं?’ असंही मेसेजात आहे. मोठ्या चोरीचं उदाहरण मीही दाखवू शकत नाही. पण हा हल्ला नेहमीच्या लॉगमध्ये माग ठेवत नाही, त्यामुळे ‘काही दिसलं नाही’ याला फारसा अर्थ नाही.

एकटं, नेटला न जोडलेलं, फक्त स्वतःचाच कोड चालवणारं मशीन असेल तर खुशाल ‘ऑफ’ करा. बाकीच्यांनी ग्रबमधून (बूटची ओळ ठेवणारा प्रोग्रॅम) तो शब्द काढा, ग्रब अपडेट करून रिबूट करा आणि ‘एलएससीपीयू’ (प्रोसेसरची माहिती दाखवणारी कमांड) चालवून मेल्टडाउनपुढे ‘व्हल्नरेबल’ (असुरक्षित) राहिलंय का ते बघा. आणि मामेभावासाठी: फायली उशिरा उघडतात त्या तुझ्या फिरत्या हार्डडिस्कमुळे. एसएसडी टाक.