सोसायटीचे तहहयात सेक्रेटरी कसे व्हावे

सोसायटीचं सेक्रेटरीपद एकदा मिळालं की सोडायचं नसतं, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. प्रश्न फक्त पद्धतीचा आहे. नवशिके सेक्रेटरी आवाज चढवतात, फलकावर नावानिशी थकबाकी लावतात, एखाद्याचं पाणी तोडतात आणि मग उपनिबंधकांच्या कार्यालयात हेलपाटे घालतात. एवढ्या दगदगीची गरज नाही. माणसं घोळक्यात कशी वागतात, यावर पाश्चात्त्य समाजशास्त्रज्ञांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी गेल्या शंभर वर्षांत ढीगभर काम करून ठेवलंय. आपण समाजाला सावध करतोय, अशी त्या बिचाऱ्यांची समजूत होती. तुम्ही ते सगळं पाककृती म्हणून वाचा.

पहिला धडा वार्षिक सर्वसाधारण सभेचा. ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, नोटीस १४ दिवस आधी द्यावी लागते. ते सगळं बिनचूक करा. नियम पाळणाऱ्या माणसावर कुणी संशय घेत नाही. कोरम म्हणजे दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, जी संख्या कमी असेल ती. रविवारी सकाळी दहाला वीस माणसं जमत नाहीत. मग अर्धा तास सभा तहकूब, आणि साडेदहाला त्याच खुर्च्यांवर, आहेत तेवढ्या मंडळींत कामकाज सुरू. बाकीचे का येत नाहीत, हे मॅन्कर ओल्सन या अर्थतज्ज्ञानं १९६५ साली समजावून सांगितलं आहे. टाकी सगळ्यांसाठीच दुरुस्त होणार असेल, तर तिच्यासाठी आपला रविवार कुणी का घालवावा? आपण घरी लोळलो तरी नळाला पाणी येणारच. हजर राहणाऱ्यालाच काही मिळणार असेल, तरच माणूस जागचा हलतो, असंही ओल्सन सांगतो. म्हणून बटाटेवड्यांची ऑर्डर नेहमी विषयपत्रिका पाहून द्यावी. माणसं हवी असतील त्या वर्षी नोटिशीत वड्यांचा ठळक उल्लेख. नको असतील त्या वर्षी नुसता चहा, तोही ‘शक्य झाल्यास’.

विषयांचा क्रम लावताना पार्किन्सनला स्मरा. या ब्रिटिश इतिहासकारानं १९५७ साली एका काल्पनिक समितीची बैठक रंगवली होती. त्यात एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर होते आणि साडेतीनशे पौंडांच्या सायकल शेडवर पाऊण तास वाद होतो. अणुभट्टी कुणाला कळत नाही, शेड सगळ्यांना कळते. तुमची अणुभट्टी म्हणजे गच्चीचं वॉटरप्रूफिंग. चाळीस लाखांचं ते काम, तीन कोटेशनं (तिन्ही एकाच मेव्हण्याच्या ओळखीची), हे सगळं ‘पॉलिमर मॉडिफाइड सिमेंटिशियस कोटिंग’ अशा भारदस्त शब्दांत वाचून दाखवा आणि श्वास न घेता पुढच्या विषयावर या: वॉचमनला खुर्ची प्लॅस्टिकची द्यावी की लोखंडी. आता आरामात मागे रेला. प्लॅस्टिकची उन्हात तडकते, लोखंडी गंजते, वॉचमनला मुळात बसू का द्यावं, आमच्या वेळचा गुरखा रात्रभर उभा असायचा... पाऊण तास कुठे गेला कळणार नाही. त्यात एखाद-दोन सभासद तावातावानं उठून गेले, तर त्यांना थांबवू नका.

तरीही कुणीतरी वॉटरप्रूफिंगवर बोट ठेवतोच. बहुधा तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त ऑडिटर. त्यांना घाबरू नका, पण सॉलोमन अ‍ॅश नीट वाचून ठेवा. या मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात लोकांना रेघा दाखवून कोणत्या दोन सारख्या लांबीच्या आहेत ते विचारलं. एकट्यानं उत्तर द्यायचं असेल तेव्हा शंभरात एखादी चूकही होत नव्हती. खोलीतल्या बाकीच्या सगळ्यांनी, म्हणजे अ‍ॅशनं पढवून आणलेल्या मंडळींनी, ठरवून चुकीचं उत्तर दिलं, तेव्हा सुमारे एक तृतीयांश वेळा माणसांनी स्वतःचे डोळे बाजूला ठेवून त्यांच्या सुरात सूर मिसळला. पण तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. त्या खोलीत एक जरी माणूस खरं बोलणारा निघाला, की बहुमताची जादू जवळजवळ उतरायची. म्हणजे ऑडिटरकाका धोकादायक नाहीत. धोकादायक आहे तो त्यांच्यानंतर ‘मलाही तसंच वाटतं’ म्हणणारा. त्याचं तोंड उघडायच्या आत खजिनदारानं उठून विचारावं, “काका, पाणी घेता का? बीपीची गोळी घेतलीत ना?” सभा हसते, काका बसतात, विषय मंजूर. सूचक आणि अनुमोदक यांची नावं इतिवृत्तात आदल्या रात्रीच टंकून ठेवली असतील तर उत्तम.

बाकीचे गप्प का बसतात, ते एलिझाबेथ नोएल-नॉयमन या जर्मन बाईंनी १९७४ साली मांडलं. आपलं मत अल्पमतात आहे असं वाटलं की माणूस एकटं पडण्याच्या भीतीनं ते गिळतो. त्यानं गिळलं म्हणून ते मत आणखी दुर्मीळ वाटतं. मग पुढचाही गिळतो. बाई लोकांना विचारायच्या, समजा पाच तासांचा रेल्वेप्रवास आहे आणि डब्यातला सहप्रवासी अमुक मत मांडतोय, तर तुम्ही बोलाल का? हा प्रश्न आपल्याकडे चालला नसता. आपला माणूस दादर ते कोल्हापूर देशाचं परराष्ट्र धोरण मोठ्या आवाजात दुरुस्त करत जातो. डब्यातला माणूस उद्या लिफ्टमध्ये भेटणार नसतो ना! सोसायटीत मात्र भेटतो. म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणताही निर्णय टाकताना समितीतल्या चार जणांना आधी फोन करून ठेवा. पहिल्या मिनिटात चार अंगठे आणि दोन ‘स्तुत्य निर्णय’ पडले पाहिजेत. सभासदांना काय वाटतं याला महत्त्व नाही. इतरांना काय वाटतं, असं त्यांना वाटतं, तेवढं सांभाळा.

जिन्यातल्या ओलीची चिंता नको. डार्ली आणि लातने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली खोलीत धूर सोडून पाहिला होता. एकटा बसलेला माणूस चारपैकी तीन वेळा उठून कळवायचा. शेजारी दोन निर्विकार चेहरे बसवले, की दहांतला एकच उठायचा. समितीच्या सदस्यांनी ओलीजवळून जाताना तसा चेहरा ठेवावा. फार तर कुणीतरी ग्रुपवर ‘यावर कुणीतरी बघा’ असं लिहील. त्या ‘कुणीतरी’चा फ्लॅट नंबर अजून कुणाला सापडलेला नाही.

असंतोष फारच वाढला तर ए विंग आणि बी विंग आहेतच. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञानं इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांचे, तुम्हाला चित्रकार क्ले आवडतो की कँडिन्स्की असं विचारून, गट पाडले होते. तेवढ्यावर मुलं पैसे वाटताना आपल्या गटाला जास्त मिळण्यापेक्षा दुसऱ्याशी फरक वाढण्याकडे झुकली. तुमच्याकडे तर पार्किंग आहे. ए विंगला नुसतं कळू द्या की बी विंगच्या लिफ्टला नवा पंखा येतोय. ती मंडळी स्वतःच्या रंगकामावर पाणी सोडतील, पण तो पंखा थांबवतील.

एक धोका मात्र खरा आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम. या बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि कशासाठी? तर सामाईक मालमत्ता माणसं स्वतःच नीट सांभाळू शकतात, हे दाखवून दिल्याबद्दल. स्वित्झर्लंडमधली कुरणं, जपानमधली गावं, स्पेनमधले पाण्याचे पाट. नियम वापरणाऱ्यांनीच केलेले, देखरेख त्यांचीच, चुकलेल्याला आधी छोटा दंड आणि मग मोठा, भांडण मिटवायला स्वस्त आणि जवळची जागा. आणखी वाईट म्हणजे हे ‘तिकडचं’ म्हणून उडवून लावता येत नाही. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत शेतकरी शतकानुशतकं हेच करत आले. पांझरा नदीच्या बंधाऱ्यातलं पाणी कुणाला, कधी, किती, हे ठरलेलं. एका फडात, म्हणजे शिवाराच्या एका तुकड्यात, सगळ्यांचं एकच पीक. वाटपाला शेतकऱ्यांनीच नेमलेला पाटकरी. त्या भागातले एखादे सभासद गावाकडच्या आठवणी सांगू लागले, तर विषय तातडीनं आंब्यांकडे वळवा.

एवढं करूनही एखादी तरुण मुलगी सभेत उभी राहून ‘जमाखर्च दरमहा फलकावर लावा आणि देखरेखीला सभासदांचीच पाळी ठेवा’ म्हणालीच, तर भांडू नका. तिला समितीत घ्या. जर्मनीतल्या समाजवादी पक्षाचा अभ्यास करून रोबेर्ट मिशेल्स या समाजशास्त्रज्ञानं १९११ साली लिहिलं होतं की संघटना कितीही लोकशाहीवादी असो, सूत्रं शेवटी मूठभरांच्याच हाती जातात. पुढे तो स्वतःच समाजवाद सोडून मुसोलिनीच्या पक्षात गेला, म्हणजे माणूस अभ्यासाला पक्का. मुलीला आधी गणेशोत्सवाचा हिशेब द्या, मग सहसचिवपद, मग ऑफिसच्या कपाटाची दुसरी किल्ली. तिसऱ्या वर्षी तीच ऑडिटरकाकांना पाणी विचारेल.