‘२२ पत्र्यांना दोन दिवस’ या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार ताई,

छताचे २२ जुने पत्रे काढण्याच्या आमच्या कामाला आपण दिलेला एक स्टार आणि त्याखालचा मजकूर वाचला. आतल्या खोलीतली गादी भिजली, ती चूक आमचीच. अंथरलेल्या प्लास्टिकचा जोड कपाटामागे सुटला होता, तो वेळेत बघितला गेला नाही. मनापासून माफी मागतो. गादीचे पैसे बिलातून वळते करतो.

पण “अर्ध्या दिवसाचं काम, पाणी मारत बसले आणि पैसे वाढवायला दोन दिवस लावले” हे वाचून फार वाईट वाटलं. ताई, आमचा दर पत्र्याच्या नगावर आहे, दिवसावर नाही. दुसऱ्या दिवसाची चार माणसांची मजुरी आमच्याच खिशातून गेली.

आपले पत्रे बारीक खनिज तंतू मिसळलेल्या सिमेंटचे, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचे. तीन मीटरचा एक पत्रा ४० किलोच्या वर भरतो आणि जुना झाला की माणसाचं वजन घेत नाही. म्हणून फळ्या टाकून, त्या सरकवत काम करावं लागतं. एका पत्र्याला अँगलशी धरून ठेवणारे सहा जे-हुक (वाकडे बोल्ट), सगळे गंजलेले. नट पान्याने जोर लावून फिरवला की पत्रा भोकापाशी तडकतो. ग्राइंडर लावला तर चकती पत्र्याला घासते आणि भुकटी हवेत जाते. म्हणून प्रत्येक हुक खालून, अँगलजवळ बोल्ट कटरने तोडला. कटर शिरला नाही तिथे हॅक्सॉ ब्लेडने कापला. त्याआधी फवारणीच्या पंपाने, पाण्यात थोडं भांड्यांचं लिक्विड घालून, पत्रा दोन्ही बाजूंनी भिजवायचा. साबणाने पाणी आत मुरतं आणि तंतू उडत नाहीत. मग पत्रा अख्खाच दोरीने खाली. वरून एकही टाकायचा नाही.

आता जे लिहायचं नव्हतं ते. पहिल्या दिवशी आम्ही आलो तेव्हा मागचे दोन पत्रे हातोड्याने फोडलेले होते आणि भुकटी कोरड्या झाडूने झाडणं चालू होतं. घरच्यांनी आमचं काम हलकं व्हावं म्हणून केलं, हेतू चांगलाच होता. पण हे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, झाडले की तासन् तास हवेत तरंगतात. फुप्फुसात गेले तर अ‍ॅस्बेस्टॉसिस (फुप्फुस कडक होण्याचा आजार) किंवा कॅन्सर व्हायला २०-४० वर्षंही लागतात, म्हणून आज कुणाला काहीच झालेलं दिसत नाही. तुकडे भिजवून हाताने वेचणं, ओटा ओल्या फडक्यांनी तीनदा पुसणं आणि ती फडकीही पिशवीत बंद करणं, यात तीन तास गेले. घरचा व्हॅक्यूम लावू दिला नाही याचा राग आला असेल, पण त्याच्या साध्या फिल्टरमधून तंतू परत खोलीत येतात.

“भंगारवाला फुकट नेत होता” हेही खरं असेल. तो ते पत्रे पुढे गोठ्याला विकतो, नाहीतर फोडून भरावात टाकतो. आम्ही २०० मायक्रॉनच्या प्लास्टिकच्या दोन थरांत बांधून जवळपास एक टन माल रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पात पोचवला. बारीक धूळ अडवणारे एफएफपी३ मास्क आणि एकदाच वापरायचे अंगभर सूट यांचाही खर्च दरात आहे. बाजारात हे पत्रे आजही नवे मिळतात हे आपलं म्हणणं बरोबर आहे. देशात अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यांचं नूतनीकरण १९९३ मध्ये थांबलं, पण बाहेरून आणून पत्रे बनवणं चालूच आहे. अख्खा पत्रा छतावर असताना त्रास कमी असतो, धोका तो फोडताना आणि कापताना.

हे सगळं आधीच नीट सांगायला हवं होतं. यापुढे सांगू, आणि प्लास्टिकच्या जोडांकडेही जास्त लक्ष देऊ.

मोरीवरचे दोन पत्रे अजून तसेच आहेत. ते दुसऱ्या कुणाकडून काढून घेतलेत तरी आमची हरकत नाही, फक्त भिजवून आणि न फोडता काढायला सांगा. त्या वेळी मुलांना घरात ठेवू नका.