फुकट असूनही जात नाहीत म्हणे!

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "सरकारी दवाखान्यात सगळं फुकट मिळतं, तरी हे लोक जात नाहीत. अडाणी." खाली धडाधड अंगठे. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना बीपी आहे. गोळी फुकटच मिळते. पण आधी केसपेपरची रांग, मग डॉक्टरांची, मग औषधाच्या खिडकीशी तिसरी. तोवर दोन घरच्या पोळ्या बुडतात आणि पैसे कापले जातात. बीपी दुखत नाही, कापलेले पैसे त्याच महिन्यात दुखतात. मग गोळ्या संपल्या की "बघू पुढच्या आठवड्यात". यात अडाणीपणा कुठे आला?

अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी राजस्थानात उदयपूरच्या खेड्यांत सेवा मंदिर संस्थेबरोबर प्रयोग केला होता. बाळांची लस तिथे आधीही फुकटच होती, पण उपकेंद्रात नर्स भेटेल याचा नेम नव्हता. एरवीच्या गावांत पूर्ण लसीकरण 6 टक्के. ठरल्या दिवशी हमखास शिबिर भरलं, तिथे 18. आणि दर लसीला किलोभर डाळ, सगळ्या लसी झाल्यावर थाळ्या दिल्या, तिथे 39! लस तीच, आयाही तशाच. उद्यावर न ढकलता आजच जायला कारण मिळालं, एवढंच. वर नुसत्या शिबिराच्या मानाने पूर्ण लसी झालेल्या एका मुलामागचा खर्च निम्म्यावर आला, कारण शिबिरातली नर्स रिकामी बसेना.

डाळ म्हणजे लाच, असं कुणीतरी म्हणणारच. डाळ देऊनही निम्म्याहून जास्त मुलं राहिलीच, हेही मान्य. पण म्हणून सहावर समाधान मानायचं?

मावशी गोळ्यांची पट्टी बसच्या पासबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात. मध्यंतरी कणीक मळता मळता विचारत होत्या, "ताई, अर्धी अर्धी घेतली तर चालंल का? तेवढीच जास्त दिवस पुरंल." हे बाईला आरोग्याची किंमत नसल्याचं लक्षण आहे?

आपल्या गोळ्या घरपोच येतात, तपासणीला कंपनी पाठवते, त्या दिवसाचा पगारही कापत नाही. आपल्याला काही ठरवावंच लागत नाही. मावशींना दर खेपेला नव्याने ठरवावं लागतं, तेही मजुरी बुडवून. आणि अडाणी त्या!

तेव्हा ज्यांच्या ज्यांच्या घरी कामाला मावशी येतात, त्यांनी दवाखान्याच्या दिवसाचे पैसे कापणं बंद करा. ग्रुपवर लिहिलंय, इथेही लिहितेय.