बी म्हणजे पैसा नव्हे : ‘शंभरपट पिका’च्या संदेशाला उत्तर

मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मागे कधी पिकलेल्या गव्हाचे शेत असते तर कधी उगवता सूर्य, पण गाभा तोच राहतो. तो थोडक्यात असा: देवाचे वचन तुमच्या जीवनात फळ देत नसेल, तर तुम्ही अजून बी पेरलेले नाही; बी म्हणजे देवाच्या सेवकाच्या कार्यासाठी दिलेले दान; प्रभू येशूने तीसपट, साठपट व शंभरपट पिकाची हमी दिली आहे, म्हणून हजार पेराल तर लाख मिळतील; देवाचे वचन विफल होऊन परत येत नाही असे यशया संदेष्टा सांगतो, म्हणून एक वचन निवडून ते 21 दिवस मोठ्याने उच्चारून कबूल करा; आणि एवढे करूनही पीक आले नाही, तर तुमच्या विश्वासात खोट आहे. ‘हात राखून पेराल तर हात राखून कापणी कराल’ हे प्रेषित पौलाचे वाक्य शेवटी येते. त्याखाली क्यूआर कोड असतो, आणि संदेश आजच दहा जणांना पाठवावा अशी सूचना असते.

मध्यंतरी आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका वृद्ध विधवा बहिणीने उपासनेनंतर मला थांबवून विचारले, ‘‘मास्तर, माझं बी कमी पडलं का हो?’’ निवृत्तिवेतनातून त्यांनी तीन वेळा पैसे पाठवले होते, आणि मुलाची गेलेली नोकरी काही परत मिळाली नव्हती. या प्रश्नानंतर संदेशाकडे भाबडा मजकूर म्हणून दुर्लक्ष करणे मला शक्य झाले नाही. वचनाने फळ द्यावे ही अपेक्षा योग्यच आहे, आणि दान देणे हा ख्रिस्ती जीवनाचा भाग आहे याबद्दलही वाद नाही. वाद आहे तो या दोन खऱ्या गोष्टींना ज्या दोराने एकत्र बांधले आहे त्याबद्दल.

बी म्हणजे दान, हे पहिले विधान. येशूने सांगितलेल्या बहुतेक दृष्टांतांचा अर्थ ऐकणाऱ्यांवर सोपवलेला आहे. पेरणाऱ्याचा दृष्टांत, ज्यात एक माणूस बी पेरतो आणि ते चार प्रकारच्या जागी पडते, तो मात्र त्या थोड्यांपैकी आहे, ज्यांचा अर्थ त्याने स्वतः उलगडून सांगितला. ‘पेरणारा वचन पेरतो’ असे मार्क 4:14 मध्ये आहे, आणि ‘बी हे देवाचे वचन आहे’ असे लूक 8:11 मध्ये आहे. खुद्द सांगणाऱ्याने अर्थ लावून दिल्यावर दुसरा अर्थ बसवण्यास जागा उरत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या दृष्टांतात आपण पेरणारे नाहीच. आपण जमीन आहोत. वाट, खडकाळ जागा, काटेरी झुडपांची जागा आणि चांगली जमीन, हे चार प्रकार ऐकणाऱ्यांचे आहेत. संदेश ऐकणाऱ्याला उचलून पेरणाऱ्याच्या जागी उभा करतो, त्याच्या हातात वचनाऐवजी नोटा देतो आणि देवाला जमीन करून टाकतो, जिच्यातून आपण आपले पीक काढून घ्यायचे. दृष्टांताची इतकी उलटापालट एका वाक्यात क्वचितच कोणी केली असेल.

शंभरपटीची हमी, हे दुसरे. शुभवर्तमानांत हे आकडे कसे आले आहेत ते पाहावे. मार्कात तीसपट, साठपट, शंभरपट असा चढता क्रम आहे; मत्तयात शंभर, साठ, तीस असा उतरता; आणि लूक तर केवळ शंभरपटीचा उल्लेख करून थांबतो. परताव्याचा दर सांगायचा असता तर तिघांनी तो असा सैलपणे नोंदवला नसता. शिवाय तीसपट देणारी जमीनही चांगल्या जमिनीतच मोजली आहे. तिला कोणी दूषण दिलेले नाही. आपल्याकडे ज्वारीच्या एका दाण्यातून आलेल्या कणसाला शेकड्यांनी दाणे लागतात, त्यामुळे शंभर हा आकडा ऐकून शेतकरी चकित होणार नाही. पण शेतकऱ्याला हेही ठाऊक असते की जे पेरले तेच उगवते, ज्वारी पेरून नाणी उगवत नाहीत. वचन पेरले तर वचनाच्या जातीचेच पीक येणार, आणि ते कोणते हे पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या 5व्या अध्यायात नावानिशी सांगितले आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन.

यावर काही जण मार्क 10:30 पुढे करतात, कारण तेथे घरे आणि शेते शंभरपटीने मिळतील असे खरोखरच म्हटले आहे. पण ते वचन ज्यांनी ख्रिस्तासाठी घरदार सोडले त्यांच्यासाठी आहे, परताव्याच्या आशेने रक्कम गुंतवणाऱ्यांसाठी नाही. त्याच यादीत शंभरपट आया आणि भाऊबहिणीही आहेत, म्हणजे तेथे मंडळीरूपी कुटुंबाचे बोलणे चालले आहे हे उघड दिसते. आणि त्याच ओळीत ‘छळणुकीबरोबर’ हा शब्द आहे, जो मी पाहिलेल्या एकाही चित्रावर छापलेला नव्हता.

पंडिता रमाबाईंचे जीवन या ओळीशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. 1882 मध्ये पती गेले, 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर टीकेचा भडिमार वाट्याला आला. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली आणि स्त्रिया यांची त्या आई झाल्या. शंभरपट आया व मुले यांचा याहून सरळ अर्थ मला सुचत नाही. साध्या मराठीत बायबल आणण्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून घेतल्या आणि वर्षानुवर्षे भाषांतर केले. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्याआधी गेली, 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः गेल्या, आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये छापून बाहेर आले. संदेशाच्या हिशोबाने हे पीक तोट्याचे म्हणावे लागेल.

आता ज्या ठिकाणी मला सर्वांत अधिक थांबावेसे वाटते ते. काटेरी झुडपांमध्ये पडलेल्या बियांचे काय झाले, याचे कारण येशूने तीन नावे घेऊन सांगितले आहे: प्रपंचाची चिंता, द्रव्याचा मोह आणि इतर गोष्टींचा लोभ, ही आत शिरून वचनाची वाढ खुंटवतात आणि ते निष्फळ होते. संदेश वाचणारा माणूस बहुधा चिंतेत असतो. कर्ज, आजार, मुलीचे लग्न, गेलेली नोकरी यांपैकी काहीतरी त्याच्या मनात असतेच. संदेश त्या चिंतेला हात घालतो, तिच्यावर द्रव्याची आशा बसवतो, आणि हे सारे वचनाच्या नावाने करतो. म्हणजे ज्या तीन गोष्टींनी वचन गुदमरते असे प्रभू सांगतो, त्यांचीच पेरणी ‘बी’ या नावाने चालली आहे. ज्याच्या रानात हरळी किंवा कुंदा आहे त्याला ठाऊक असते की तण नापीक जमिनीतच माजते असे नाही. कसदार रानात ते अधिक जोमाने येते, आणि पीक उपटून न टाकता त्याच्या वाटचे पाणी, खत व ऊन खाऊन टाकते. लूक या ठिकाणी म्हणतो की त्यांचे फळ पक्व होत नाही. असे पीक दुरून हिरवेगार दिसते. उपासनेला हजेरी असते, वचने पाठ असतात, गळ्यात क्रूस असतो, आणि कणसात दाणा भरत नाही. खुरपणी करणाऱ्या बाईला रांगेत बसून, पिकाचे मूळ दुखावू न देता, एकेक मूळ ओढावे लागते. द्रव्याच्या मोहाची खुरपणीही तशीच सावकाश आणि वाकून करावी लागते. तणावर खत घालून ती होत नाही.

यशयाच्या 55व्या अध्यायाचा आधार तर मोठा विलक्षण आहे. 11व्या वचनात देव म्हणतो की, माझ्या मुखातून निघणारे वचन माझी इच्छा पूर्ण केल्यावाचून, ज्या कार्यासाठी मी ते पाठवले ते केल्यावाचून, विफल होऊन परत येणार नाही. इच्छा कोणाची आणि पाठवणारा कोण, हे त्या वाक्यातच आहे. मी निवडलेले वचन, मी ठरवलेल्या कामासाठी, मी ठरवलेल्या मुदतीत पूर्ण होईल असे तेथे लिहिलेले नाही. त्याआधीच्या वचनात पाऊस आणि हिम यांची उपमा आहे. ती दोन्ही आकाशातून येतात, माणसाने पाडायची नसतात. आणि हाच अध्याय सुरू कसा होतो? तान्हेल्यांनो, पाण्याजवळ या. ज्यांच्यापाशी पैसा नाही ते तुम्हीही या. पैशावाचून, मोलावाचून द्राक्षारस व दूध घ्या. ज्या अध्यायाच्या दारावरच ‘पैशावाचून’ असे लिहिले आहे, त्यातले वचन काढून त्याखाली क्यूआर कोड लावण्यासाठी एकतर अध्याय न वाचलेला असावा लागतो, किंवा वाचूनही तसेच पुढे जाण्याचे धाडस लागते.

21 दिवसांच्या मुदतीबद्दल फार लिहायला नको. शास्त्रात ती या संदर्भात कोठेही नाही. वचन पाठ करावे, ओठांनी उच्चारावे, त्याचे रात्रंदिवस मनन करावे, हे पहिल्या स्तोत्रातच आहे. पण त्याच स्तोत्रातले पाण्याच्या प्रवाहाजवळचे झाड ‘आपल्या हंगामी’ फळ देते. लूक 8:15 मध्ये चांगल्या जमिनीचे लोक ‘धीराने’ फळ देतात असे आहे. तेथल्या ग्रीक शब्दात ओझ्याखाली टिकून राहण्याचा भाव आहे. मार्काच्या चौथ्या अध्यायात त्याच प्रवचनात आणखी एक छोटा दृष्टांत आहे: माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसे वाढते हे त्याला कळत नाही, आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. इंग्रज मिशनरी विल्यम केरी 1793 मध्ये बंगालात आले, आणि पहिल्या बंगाली विश्वासणाऱ्याचा, कृष्ण पालांचा, बाप्तिस्मा 1800 च्या डिसेंबरात झाला. सात वर्षे. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो 1900 मध्ये घेतला, आणि तोही कोणी दिवस मोजून दिले म्हणून नव्हे. एकाच संसारातल्या दोन माणसांच्या मनांत एका बियाण्याने रुजायला इतके अंतर घेतले.

पीक आले नाही म्हणजे विश्वासात खोट, हे विधान सर्वांत क्रूर आहे. दृष्टांतात तीन ठिकाणी बी वाया जाते आणि तिन्ही ठिकाणी कारण वेगळे आहे: वाटेवर ते सैतान उचलून नेतो, खडकाळ जागेत मूळ धरत नाही, काट्यांत गुदमरते. सगळ्या अपयशाला एकच औषध आणि एकच दोष लावणारा माणूस रान न पाहताच सल्ला देत आहे. त्यातही खडकाळ जागेबद्दल येशू म्हणतो की ‘वचनामुळे’ संकट किंवा छळ येतो. म्हणजे संकट हे वचन नसल्याची खूण ठरत नाही. पुष्कळदा ते वचनाच्या पाठोपाठच येते. योहानाच्या 15व्या अध्यायात तर जो फाटा फळ देतो त्यालाच माळी साफसूफ करतो. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराला छाटणीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्या विधवा बहिणीला मी पौलाबद्दल सांगितले. त्याने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून प्रभूला तीन वेळा विनंती केली, काटा निघाला नाही, आणि उत्तर आले ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ असे. पौलाचा विश्वास कमी पडला असे म्हणण्याची हिंमत संदेश लिहिणाऱ्यालाही होणार नाही. त्या म्हणाल्या, ‘‘मग मला कोणी असं का नाही सांगितलं?’’ याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण सांगण्याचे काम आम्हा शिकवणाऱ्यांचेच होते.

उरले 2 करिंथ 9:6, म्हणजे संदेशाच्या शेवटी येणारे ‘हात राखून पेराल’ हे वाक्य. हे वचन खरे आहे, आणि ते पैशाबद्दलच आहे, हेही खरे. पण पैसा कोणासाठी होता? यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी. पौल स्वतःच्या कार्यासाठी मागत नव्हता. मासेदोनियातल्या मंडळ्यांनी आत्यंतिक दारिद्र्यात असूनही दिले, असे तो आदल्या अध्यायात सांगतो, आणि त्या श्रीमंत झाल्या असे कोठेही सांगत नाही. देण्यामागचा हेतू तो समानता असा सांगतो: तुमच्या विपुलतेने त्यांची गरज भागावी. पुढच्याच वचनात, कोणी दुःखी मनाने किंवा देणे भाग पडते म्हणून देऊ नये, असे आहे. आणि त्यानंतर देव जे वाढवील म्हणून म्हटले आहे ते ‘नीतिमत्त्वाचे फळ’ आहे. हिशोबाबद्दल पौलाची काळजी तर आजच्या कोणत्याही विश्वस्त मंडळाने घ्यावी अशी आहे. रक्कम मोठी होती, म्हणून कोणी आपल्यावर दोष ठेवू नये यासाठी त्याने आपला सहकारी तीत याच्यासोबत आणखी दोन बंधू पाठवले, त्यांतला एक मंडळ्यांनी स्वतः निवडलेला. तीन माणसे, ओळखीची, मंडळ्यांना जबाबदार. संदेशातल्या क्यूआर कोडमागे कोण आहे, रक्कम कोठे जाते, तिचा हिशोब कोण तपासतो, हे विचारून मी त्यावरच्या क्रमांकाला दोनदा लिहिले. उत्तरादाखल दोन्ही वेळा तेच गव्हाचे शेत आले.

दहा जणांना संदेश पाठवण्याच्या सूचनेविषयी एवढेच की, वाटेवर पडलेले बीही भरपूर होते, आणि ते पाखरांनी खाल्ले. मी हा संदेश पुढे पाठवलेला नाही. त्या बहिणींनी आता आपले पैसे कोठे द्यावेत असे विचारले, तेव्हा आमच्या मंडळीच्या वडीलजनांनी त्यांना आधी मंडळीच्या मदतनिधीची वही दाखवली, आणि मग त्या निधीतून त्यांच्याच घरी दोन महिन्यांचे धान्य पोहोचवले.