तोंड सांभाळून

माझा चेहरा माझी परवानगी न घेता तापतो. राग आलेला नसतो, लाजायचं वय तर केव्हाच मागे पडलंय, तरी गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर आतून कुणी शेगडी पेटवल्यासारखं होतं. थोड्या वेळाने उतरतं. कधी उतरतही नाही, जाताना बारीक पुरळ ठेवून जातं. गोऱ्यापान माणसाचं असं झालं तर तो निदान लालबुंद तरी दिसतो. आमचा रंग सावळा. त्यावर लाली उमटत नाही, तांबूस-जांभळट झाक येते आणि भेटणारा म्हणतो, "काय हो, काळवंडलात! उन्हात फिरताय वाटतं?" सावळ्या कातडीवर हा आजार चटकन ओळखू येत नाही, डॉक्टरांच्या नजरेतूनही निसटतो. तोवर माझ्या तोंडावर मुरुमं, ॲलर्जी, पित्त, उष्णता आणि दृष्ट अशी निदानं होऊन गेली होती. शेवटचं निदान आईचं. तिने मीठ-मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. त्याचा जो खाट उठला, त्याने चेहरा असा काही पेटला की दृष्ट फार मोठी होती यावर घरात एकमत झालं.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. बाईंनी भिंग धरून गाल पाहिले, नाक पाहिलं, पापण्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "रोझेशिया."

"बरा होतो का?"

"आटोक्यात राहतो."

आमच्या बँकेत थकीत कर्जांबद्दल आम्ही हेच वाक्य वापरतो. त्यामुळे जास्त विचारावं लागलं नाही.

मग त्यांनी चेहऱ्याला काय काय लावता ते विचारलं. मी यादी दिली: अंघोळीचा साबण, दाढीनंतर तुरटी, रविवारी बायकोच्या डब्यातली मुलतानी माती, सणावाराला हळद-बेसन, आणि आत्या आली असेल तर लिंबाची साल. डॉक्टर प्रत्येक नावावर काट मारत गेल्या.

"मग लावू काय?"

"शक्यतो काही नाही."

आणि इथेच खरी पंचाईत आहे. आपल्याकडे माणूस गोळ्या चुकवील, पथ्य मोडील, पण काहीच न लावता गप्प बसणं त्याला जमत नाही. त्याला जमलं तरी घरच्यांना जमत नाही. "असं कसं, काहीतरी लाव की!" हा आमच्याकडे प्रेमाचा उद्गार आहे. रोझेशियाचं मात्र म्हणणं असं की, बाबांनो, मला एकटं सोडा. त्वचा मुळात किंचित आम्ल असते, तिचा पीएच पाचाच्या आसपास. साध्या साबणाचा नऊ-दहा, म्हणजे थेट उलट्या, अल्कधर्मी बाजूचा. ज्या त्वचेचं कवच आधीच कमकुवत, तिला रोज दोनदा हा दणका. म्हणून साबणाऐवजी बिनवासाचा सौम्य फेसवॉश, पाणी जेमतेम कोमट, तोंड पुसायचं नाही तर टिपायचं. वर साधं मॉइश्चरायझर, तेही बिनवासाचं. संपलं. इतक्या बेचव उपचाराचे पैसे द्यायला माणसाला जड जातं.

रात्रीसाठी मात्र किडे मारणारी आयव्हरमेक्टिनची क्रीम होती. चेहऱ्यावरच्या केसांच्या मुळांशी डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे राहतात. लांबी साधारण 0.3 मिलिमीटर. जवळपास प्रत्येक मोठ्या माणसाच्या तोंडावर ते असतात; रोझेशियावाल्यांकडे गर्दी जास्त. रात्री अंधार पडला की ते बाहेर हिंडायला निघतात. ही माहिती झोपायच्या वेळी बायकोला सांगू नये. तिने आधी उशीचे अभ्रे बदलले, मग उशी बदलली, मग खोली बदलली. "तुझ्याही तोंडावर असणारच," असं शास्त्राच्या बाजूने मी म्हणालो, त्यानंतर दोन दिवस संभाषण बंद होतं.

त्याच सुमारास राधानगरीकडचा चुलतभाऊ मुक्कामाला आला. त्याच्याकडे म्हशी आहेत. टेबलावरची ट्यूब उचलून त्याने नाव वाचलं आणि ओरडला, "आयला, हे तर आम्ही म्हशीला टोचतोय!" त्याचं खरं होतं. जपानमधल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून सुरू झालेलं हे औषध आधी जनावरांच्या जंतांसाठीच वापरात आलं, मग माणसांपर्यंत पोचलं. सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना त्या कामासाठी 2015 चं नोबेल मिळालं. हे सगळं मी त्याला तळमळीने सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आम्ही हे टोचलं की काही दिवस डेअरीला दूध घालत नाही. तुझं बँकेत जायचं कसं?"

डॉक्टरांनी एक वहीही ठेवायला सांगितली होती. कशाने तोंड पेटतं ते ज्याचं त्याचं वेगळं. कुणाला ऊन, कुणाला वारा, कुणाला टोमॅटो, कुणाला ताणतणाव. लिहीत गेलं की आपला शत्रू कोण ते कळतं. आयुष्य रजिस्टरात गेलेल्या माणसाला हे काम आवडलं. मी रकाने आखले. 'सोमवार. सकाळी कढत चहा: लाली मध्यम. दुपारी वीज गेली, काउंटरवर गर्दी: लाली तीव्र. संध्याकाळी मेहुणा आला: लाली तीव्र, पुरळ.' वही बायकोच्या हाती लागली. मेहुण्याच्या नोंदीपुढे तिने 'पुरावा अपुरा' असा शेरा मारून खाली सही केली आहे.

चहाचा पुरावा मात्र भक्कम होता. वाटलं, सुटला चहा. तर नाही. 1981 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रोझेशियाच्या रुग्णांना गरम कॉफी, तितकंच गरम नुसतं पाणी आणि गार कॉफी पाजली होती. गरम कॉफीने आणि गरम पाण्याने तोंडं लाल झाली, गार कॉफीने झाली नाहीत. म्हणजे गुन्हा चहा-कॉफीचा नसून चटक्याचा. चहा प्यायला हरकत नाही, निवू द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. तुम्ही कुणाच्या घरी बसून चहा निवू देऊन बघा. कप टेबलावर ठेवून मी गप्पा मारतो. दोन मिनिटांत वहिनींचं लक्ष जातं. "अगोबाई, निवला की तुमचा! द्या, गरम करून आणते." मी नको म्हणतो, त्यांना वाटतं भिडस्तपणा. कप आत जातो, वाफाळत बाहेर येतो. मी पुन्हा वाट बघतो. वहिनी पुन्हा बघतात. एका घरी हे इतक्या वेळा झालं की शेवटी चहाचा काढा झाला आणि गाल तापले ते वहिनींच्या नजरेने. दूध हा पर्याय आहे म्हणा. संध्याकाळी गंगावेशीत दूधकट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळता पेला हातात देतात. म्हशीच्या अंगाचं तापमान अडतीस-एकोणचाळीस अंश, त्यामुळे धारोष्ण दूध मला बिनबोभाट चालतं. कोल्हापुरातलं कुठलंही गरम पेय गॅसवरून येतं, हे एकटं थेट निर्मात्याकडून.

तांबड्या रश्श्याबद्दल लिहायचं टाळणार होतो. पण आजार लपवून चालत नाही. भाजल्याची खबर मेंदूला देणारा जो संवेदक आपल्या नसांच्या टोकांवर असतो, नेमका तोच मिरचीतल्या कॅप्सेसिननेही जागा होतो. त्यामुळे तांबडा रस्सा पिताना शरीराला खरोखरच भाजल्यासारखं वाटतं, आणि रस्सा उकळताच वाढलेला असल्यामुळे ते अगदीच चुकीचंही नसतं. एकाच काउंटरवर एकाच वेळी दोन अर्ज. मी पळवाट काढली: पांढरा रस्सा. त्यात लाल तिखट नाही, नारळाचं दूध, काजू, खसखस. चार घोट घेतले आणि कान गरम झाले. मिरी! मिरीतला पायपरीनही त्याच संवेदकाचं दार ठोठावतो. शेवटी खानावळीच्या मालकाला विचारलं, थोडा कमी जाळाचा, निवलेला मिळेल का? त्याने माझ्याकडे दुःखाने पाहिलं. "साहेब, आजारी आहात तर आलात कशाला?" आता मी वाटीभर पांढरा, तोही कोमट, असा घेतो. कोमट पांढरा रस्सा हे शब्द एकत्र लिहिताना पूर्वजांची क्षमा मागतो.

ऊन हा या दुखण्याचा सगळ्यात मोठा मित्र. म्हणून एसपीएफ 30 किंवा वरचं सनस्क्रीन, झिंक ऑक्साइडचं, कारण ते त्वचेला चुरचुरत नाही. दोन बोटांवर रेघ ओढाल इतकं घ्यायचं, चेहरा आणि मानेला. लावलं. आरशात कोण उभं होतं ते सांगत नाही. शिपाई म्हणाला, "साहेब, गिरणीतनं आलात?" यावर तोडगा बायकोनेच शोधला: आयर्न ऑक्साइड घातलेलं, सावळ्या रंगाला मिळून येणारं सनस्क्रीन. ते घ्यायला मी दुकानात गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीने छटांचा तक्ता पुढे केला आणि मोठ्याने विचारलं, "काकांसाठी हनी की कॅरमल?" मागे रांगेत आमचे दोन खातेदार होते.

या सगळ्या खटाटोपाला एक झटपट पर्याय आहे, तोही सांगतो, कारण तो मला कळवळ्याने सुचवला गेला. औषधाच्या दुकानातली एक छोटी ट्यूब. "लावा बिनधास्त, सगळे नेतात, चार दिवसांत गोरे!" डॉक्टरांनी ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं दाखवली: स्टिरॉइड. पहिल्यांदा चेहरा छान निवतो. मग कातडी पातळ होते, बंद केलं की दुप्पट पेटते आणि ज्याला रोझेशिया नव्हता त्यालाही तसाच आजार जडतो. 2018 मध्ये सरकारने अशा मलमांवर चिठ्ठीची सक्ती केली. तरी त्यांच्या दवाखान्यातली निम्मी गर्दी याच ट्यूबची, असं बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा स्वतःचा चेहरा लाल झालेला मी पाहिला.

गावाचं निदान अर्थात वेगळंच आहे. तांबूस नाक म्हणजे 'घेतो'. दारूने हा आजार भडकतो हे खरं, पण तो तिच्यामुळेच होतो असं नाही. थेंबही न घेणाऱ्यांना होतो. बिल क्लिंटन यांनाही रोझेशिया आहे, असं मी एकदा कार्यालयात सांगून पाहिलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "ते उदाहरण चारचौघांत देत जाऊ नका." मग तिला पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं गिर्लांदायोचं चित्र दाखवलं, 1490 च्या आसपासचं: म्हातारा, त्याचं गाठी-गाठींचं फुगलेलं नाक आणि टक लावून बघणारा गोड नातू. आजार हाताबाहेर गेला की काही पुरुषांचं नाक असं होतं. तिने चित्र बराच वेळ बघितलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या सनस्क्रीनची आठवण ती करते.

दोनेक महिन्यांनी पुरळ ओसरलं, चेहराही कमी तापू लागला. या काळात सगळ्यात दुखावली गेली ती आई. तिचं औषधशास्त्र एका शब्दात मावतं: शेक. गुडघा, पोट, कान, सर्दी, परीक्षेची भीती, सगळ्यावर शेक, नाहीतर वाफारा. त्यात मी बंबातल्या कढत पाण्याची अंघोळ सोडली, दिवाळीत तोंडाला उटणं लावू दिलं नाही. "गार पाण्याने अंग निघतं होय?" एवढंच म्हणून ती गप्प झाली. ती गप्प झाली की मला भीती वाटते.

गेल्या महिन्यात डोळे खुपायला लागले. तिचा मोतीबिंदू दाखवायचाच होता, दोघं मिळून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. तिचं झाल्यावर त्यांनी माझ्या पापण्या तपासल्या. हा रोझेशियाच, म्हणाले, पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबल्यात. मग चिठ्ठीवर लिहू लागले. "रोज स्वच्छ फडकं गरम पाण्यात बुडवून पिळायचं आणि मिटल्या पापण्यांना पाच-दहा मिनिटं शेक द्यायचा."

"गरम?" मी म्हणालो.

"सोसवेल इतपत. फक्त पापण्यांना हं, गालांना नको."

शेवटचं वाक्य आईने ऐकलं नाही. तिने डॉक्टरांना वाकून नमस्कार केला. मोतीबिंदूसाठी केला नव्हता. रिक्षात बसल्या बसल्या आत्याला फोन लावला. "वन्सं, शेकच दिलाय! मी केव्हापासून सांगत होते... अहो हो, चिठ्ठीवर लिहून!" मग मोबाइल कानापासून जरा लांब धरून मला म्हणाली, "वाफाऱ्याचंही विचारून घ्यायला हवं होतंस."